उथळ पाण्यातील संसार
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोळंबी ह्या विषयावर मराठी माणूस कोलकात्यात बोलावयास उभा राहिला, की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम ताट येणार हे उघडच आहे. कोकणातून आलेल्यांना कोळंबीचे कालवण आठवेल, इथे दोन-दोन पिढ्या काढलेल्यांना नारळाच्या दुधातली मलाईकारी आठवेल. परंतु आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती कोळंबी ताटात पडण्याच्या योग्यतेची नाही. पुरती वाढलेली मादी फार तर तीन सेंटिमीटर भरते, नर त्याहूनही लहान. आणि दोघांचेही आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे, फार तर दोन वर्षांचे. गोड्या पाण्यातला हा चिमुकला जीव पाहण्यासाठी पाळतात.

तसा तो आता पुष्कळ घरांत पाळला जाऊ लागला आहे, आणि म्हणूनच हा विषय मंडळापुढे मांडावा असे वाटले. होते असे, की मुलाच्या वाढदिवसाला एक गोल काचेचे भांडे घरात येते. त्यात रंगीत खडे, एक प्लास्टिकचे झाड आणि पाच-सहा लालचुटुक कोळंब्या. चौथ्या दिवशी एक उलटी पडते, आठवडा सरता सरता भांडे रिकामे होते. मूल दोन दिवस हिरमुसते. वडीलधारी मंडळी 'फार नाजूक जात हो' असा निर्वाळा देऊन भांडे माळ्यावर टाकतात. हा निर्वाळा मला मान्य नाही. जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांतात एका वीजकेंद्राच्या पाण्याने कोमट झालेल्या ओढ्यात ह्याच जातीने वसाहत केल्याची नोंद संशोधकांनी २०१३ साली केली आहे. परक्या देशात, उघड्या ओढ्यात जी संसार थाटते, ती आपल्या दिवाणखान्यात आठ दिवसांत का मरावी? कारण ज्या पाण्यात आपण तिला टाकतो, ते पाणी अजून राहण्याजोगे झालेले नसते. आजचे माझे सारे बोलणे ह्या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे.

प्रथम तिच्या नावाची हकीकत सांगतो, कारण तिचा आपल्या ह्या शहराशी संबंध आहे. बाजारात तिला 'चेरी श्रिम्प' म्हणतात; शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची ती चीन, तैवान ह्या बाजूची. १९०४ साली बूव्हिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे पहिले वर्णन केले. पुढे, येथील भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक अ‍ॅनन्डेल ह्यांनी अतिपूर्वेचा दौरा केला; त्यात जमा झालेल्या कवचधारी प्राण्यांचा अभ्यास त्यांचे सहकारी स्टॅन्ली केम्प ह्यांनी केला आणि १९१८ साली एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या ग्रंथमालेत तो छापला. त्यात त्यांनी एका कोळंबीला 'सिनेन्सिस', म्हणजे चीनची, असे नाव दिले. कित्येक वर्षे जगभरचे हौशी लोक आपल्या लाल कोळंबीला केम्पच्याच नावाने ओळखत होते. अलीकडे शास्त्रज्ञांनी ज्येष्ठतेच्या नियमाने बूव्हिएचे नाव पुन्हा गादीवर बसविले. तेव्हा पार्क स्ट्रीटवरून जाताना एशियाटिक सोसायटीची इमारत दिसली, तर ह्या चिमुकलीचे एक बारसे त्या संस्थेच्या पानांत झाले होते, हे ध्यानात असू द्यावे. केम्पने पाहिलेली कोळंबी मात्र लाल नव्हती. निसर्गात ती मातकट, हिरवट-तपकिरी असते. लाल, पिवळा, निळा हे रंग माणसाने निवड करून करून उतरविलेले आहेत. ह्या निरनिराळ्या रंगांच्या कोळंब्या एकत्र ठेवल्या, की दोन-चार पिढ्यांत प्रजा पुन्हा मातकट होऊ लागते. ज्यांस रंग राखावयाचा आहे त्यांनी एका काचपेटीत एकच रंग ठेवावा.

इथे एक शंका रास्त आहे: आपल्या बंगालच्या तळ्यांत काय कमी कोळंब्या आहेत? बाजारात 'कुचो चिंगडी'चे ढीग असतात, त्यातल्याच चार जिवंत आणल्या तर? आणू नयेत. त्या ढिगात अनेक जातींची सरमिसळ असते आणि त्यात मॅक्रोब्रॅकियम ह्या प्रजातीची पिल्लेही असतात. त्यांच्या पायांच्या दुसऱ्या जोडीला लांब नांग्या फुटतात, आणि मोठी झाली की ती शेजाऱ्याला सोडीत नाहीत. आपल्या कोळंबीच्या नांग्या इवल्याशा असून त्यांच्या टोकांना केसांचे झुबके असतात. त्या झुबक्यांनी ती दिवसभर पानांवरचा, दगडांवरचा बुळबुळीत थर खरवडून तोंडात घालीत असते. शिकारीचे हत्यारच तिला नाही.

आता काचपेटीकडे वळू. उथळ पाण्याला खळखळाट फार, अशी आपल्याकडे म्हण आहे आणि तीत उथळपणाची निंदा आहे. कोळंबीच्या बाबतीत मात्र उथळपणा हा गुणच ठरतो. ती तळाशी वावरणारी आहे, तिला खोली नको, जमीन हवी. पाण्याचा पृष्ठभाग जितका विस्तृत, तितका हवेतला प्राणवायू त्यात अधिक मिसळतो. वीज गेली तरी उथळ पाण्यात जीव गुदमरत नाही. म्हणून साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि वीस उंच अशी काचेची पेटी करून घ्यावी आणि ती बारा-तेरा सेंटिमीटरपर्यंतच भरावी. सुमारे वीस लिटर पाणी मावते. वाळू आणि काच धरून वजन तीस-पस्तीस किलो होते, तेव्हा बूड डगमगणारे नको. तीन लिटरचे गोल भांडे दिसावयास सुबक असते खरे, पण त्यात एक मेलेली गोगलगायसुद्धा सारे पाणी नासवू शकते. पाणी जितके थोडे, तितकी चूक पोटात घालण्याची त्याची ताकद कमी. पेटीवर थेट ऊन येऊ देऊ नये. उत्तरेकडील खिडकीशेजारची जागा उत्तम.

तळाशी दोन सेंटिमीटर धुतलेली नदीची वाळू पुरे. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी हवीच. तिला पिल्ले ओढून घेण्याइतका जोर नसतो, आणि तिचा स्पंज हा जीवाणूंचा वाडाच होतो. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून वर ठेवावा, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे उतरून पंपात शिरते. वनस्पतींत जावा मॉस हे शेवाळासारखे हरिता सर्वांत उपयोगी. त्याच्या गुंत्यात पिल्ले लपतात आणि चरतातही. रविवारच्या गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात पाणवनस्पती मिळतात. मात्र घरी आणल्यावर त्या दोन आठवडे वेगळ्या बादलीत, मधूनमधून पाणी बदलीत ठेवाव्यात. पानांवर कीटकनाशकाचा अंश असेल तर तो धुऊन जातो, आणि चतुराच्या अळ्या असतील तर डोळ्यांना दिसतात. चतुराची अळी ही कोळंबीच्या पिल्लांचा काळ आहे. शेवटी दोन-तीन वाळकी पाने सोडावी. आपल्या कोकणात अंगणोअंगणी जे देशी बदामाचे झाड असते, ज्याला बंगालीत काठबादाम म्हणतात, त्याची झाडावरून आपोआप गळलेली तांबूस पाने ह्या कामी उत्तम. ती हळूहळू कुजतात, पाण्याला चहाचा रंग येतो, आणि पानांवर सूक्ष्मजीवांची जी साय धरते ती कोळंबीची भाकरी.

एवढे झाले, की पेटी तयार झाली असे वाटते. परंतु पाणी तयार व्हावयाचे असते. पाण्यात कोणताही जीव ठेवला, की त्याच्या उत्सर्गापासून आणि उरल्यासुरल्या अन्नापासून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात; तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बऱ्याच अंशी निरुपद्रवी असून वनस्पती त्याचे पोषण घेतात. हे जीवाणू नव्या पेटीत जवळजवळ नसतातच. ते वाळूवर, काचेवर, स्पंजात हळूहळू वस्ती करतात आणि त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. वाढदिवसाच्या भांड्यातल्या कोळंब्या चौथ्या दिवशी का मरतात, ह्याचे बहुतेक वेळा उत्तर इतकेच आहे: त्या आपल्याच मलमूत्राच्या विषाने मरतात.

गृहिणींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. दुधाचे दही व्हावयाला विरजण लागते आणि रात्र लागते. पातेले हलवून, पुन्हा पुन्हा झाकण काढून पाहून दही लवकर लागत नाही. इथेही तसेच. रिकाम्या पेटीत रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी, म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळतो. हवा सुरू ठेवावी आणि थांबावे. एखाद्याच्या जुन्या, निरोगी पेटीतला स्पंज मिळाला आणि तो नव्या पेटीत पिळला, तर विरजणाचे काम होते आणि काही आठवडे वाचतात. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे संच दुकानांत मिळतात. दोन्हींचा आकडा शून्यावर येऊन तिथेच टिकला, की दही लागले असे समजावे. तोवर काच हिरवट होईल, पाने बुळबुळीत होतील, घरातले कोणीतरी 'हे डबके कशाला मांडून ठेवले आहे' असे विचारील. ते डबके दिसू लागणे हेच शुभलक्षण आहे. ह्या दीड महिन्यात मुलांना रोज थेंब टाकून रंग पाहावयास सांगावे. रंग बदलला की त्यांना जो आनंद होतो तो मी पाहिला आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते जीवाणूंना आणि कोळंबीला दोघांनाही मारते. पाणी उघड्या बादलीत एक दिवस हवा सोडून ठेवले की ते उडून जाते. मात्र ही बादली प्लास्टिकची असावी. घरात आजीची तांब्याची कळशी असेल, पितळी घागर असेल, तर तिची जागा ह्या कामात नाही. विरघळलेले तांबे अगदी अल्प प्रमाणातही कोळंबीला घातक असते, आणि पितळेतही तांबेच असते. गंमत अशी, की कोळंबीचे स्वतःचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यासाठी तांब्याचाच उपयोग करते, आपले रक्त लोहाचा करते तसा. पण बाहेरचे तांबे तिच्या कल्ल्यांना सोसत नाही. माशांच्या पुष्कळ औषधांत मोरचूद असते, तीही ह्या पेटीजवळ आणू नयेत.

आता ज्या गोष्टीने ह्या शहरातल्या किती पेट्या एका रात्रीत ओस पडत असतील कोण जाणे, त्या गोष्टीविषयी. डासांसाठी आपण जे द्रव विजेच्या बोळक्यात घालून रात्रभर उडवितो, जी कॉइल जाळतो, फवारा मारतो, त्या साऱ्यांत पायरेथ्रॉइड जातीची द्रव्ये असतात. ती माणसाला फारशी बाधत नाहीत, कीटकांना मारतात. आणि कोळंबी ही कीटकांची फार जवळची नातलग आहे. हवेचा पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. म्हणून पेटी असेल त्या खोलीत मच्छरदाणी लावावी, दुसरे काही नको. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि पुरेशी ऊब असली तर आठ-दहा दिवसांत त्या अंड्याचा डास होतो. कोळंबी डासांच्या अळ्या खाईल ह्या भरवशावर राहू नये. गप्पी मासा त्या खाईल, पण कोळंबीची पिल्लेही खाईल. तेव्हा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चौकटीला ताणून तोच पेटीवर झाकण म्हणून बसवावा. त्याने डास अडतात, पालही अडते, आणि बाहेर चढू पाहणारी कोळंबीही. हे झाकण नसेल तर पेटी मांडू नये, असे मी स्पष्टच सांगतो. आपल्या हौसेपायी शेजारच्या मुलाला ताप येणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पेटी तयार झाल्यावर दहा-बारा कोळंब्या आणाव्या. पिशवीतले पाणी आणि आपले पाणी ह्यांच्या क्षारांत आणि उष्णतेत फरक असतो. एकदम ओतल्यास तो धक्का त्यांना सोसत नाही. शंकराच्या पिंडीवर आपण गळती लावतो, तसे करावे. कोळंब्या वाडग्यात ठेवून वरून बारीक नळीने पेटीतले पाणी थेंब थेंब तासभर, शक्य तर दोन तास पडू द्यावे. (गळती देवघरातली घेऊ नये; ती तांब्याची असते.)

ह्यापुढे आपले काम कमी आणि पाहणे जास्त. मादीच्या डोक्यामागे पाठीवर पिवळसर खोगिरासारखा डाग दिसला, तर ती अंडी तयार होत असल्याची खूण. मग एके दिवशी ती कात टाकते, आणि पाण्यात काय संदेश पसरतो कोण जाणे, सारे नर वेड्यासारखे पेटीभर पोहू लागतात. नंतर तिच्या पोटाखाली वीस-तीस अंडी द्राक्षांच्या घोसासारखी लागतात. आपल्या पोहण्याच्या पायांनी ती त्यांना सतत वारा घालीत असते. चार आठवड्यांच्या आसपास पिल्ले बाहेर येतात. समुद्रातल्या कोळंबीची पिल्ले प्रथम डिंभावस्थेत, भलत्याच रूपात वाहत फिरतात. इथे तसे नाही. दोन मिलिमीटरचे पिल्लू हुबेहूब आईसारखे असते आणि जन्मल्या क्षणापासून पानावर बसून चरू लागते. म्हणूनच हा संसार एका उथळ पेटीत पुरा होऊ शकतो.

टाकलेली कात पारदर्शक, पायांमिशांसकट अखंड असते. कोळंबी मेली असे समजून लोक ती काढून फेकतात. काढू नये, त्यातला चुना कोळंब्या पुन्हा खातात. नव्या कवचाला चुना लागतो, तेवढ्यासाठी समुद्रफेनाचा एक तुकडा पाण्यात टाकून ठेवावा. पाणी एकदम पुष्कळ बदलले, तर वेळेपूर्वी कात टाकण्याचा प्रयत्न होऊन कोळंबी मधोमध अडकते आणि मरते. आठवड्याला दहावा भाग बदलावा, त्याहून जास्त नको. उथळ पेटीतले पाणी झपाट्याने उडते. पाणी उडते पण क्षार मागे राहतात. तेव्हा रोजची तूट भरताना पावसाचे अथवा गाळणयंत्राचे मृदू पाणी घालावे. कूपनलिकेचे घातल्यास महिन्या-दोन महिन्यांत पाणी जड होऊन बसते.

खाण्याच्या बाबतीत आपला मराठी आग्रह इथे घातक ठरतो. पाहुण्याला 'आणखी एक' म्हणून वाढण्याची आपली रीत पेटीत चालत नाही. पाने आणि मॉस असेल तर दहा-बारा कोळंब्यांना आपण काही देण्याची फारशी गरजच नसते. दोन-तीन दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे नखाएवढे पान द्यावे आणि संध्याकाळी उरलेले काढून घ्यावे.

खरी परीक्षा मे महिन्यात. कोळंबीला अठरा ते सव्वीस अंश सुखाचे. तिसाच्या वर पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि तिचा जीव घाबरा होतो. नागपूरकर म्हणतील, पंखा लावा, पाणी उडाले की गारवा येतो. नागपूरला हे उत्तम चालते, तिथे कूलरही चालतो; इथल्या दमट हवेत पाणी उडता उडत नाही, त्यामुळे गारवाही बेताचाच. तरी पंख्याने अंश-दोन अंश उतरतात, तेवढे पदरात पाडून घ्यावे. दिव्याचे तास कमी करावेत, हवा वाढवावी, खाणे जवळजवळ बंद करावे, आणि पेटी शक्य तो तळमजल्यावर, जमिनीलगत ठेवावी. बर्फ कदापि टाकू नये. उन्हाळ्यात वीण थांबली तर चिंता नको. पावसाळा सरताच ती पुन्हा सुरू होते.

वर्षभरात दहाच्या शंभर होतात. त्या कोणाला द्याव्या, पण तळ्यात, झिलात अथवा गंगेत सोडू नयेत. पुण्य म्हणून मासे-कासवे सोडण्याची चाल आपल्यातही आहे, येथेही आहे. ह्या जीवाला ती लावू नये. जर्मनीतल्या त्या ओढ्याची गोष्ट मी सुरुवातीस सांगितली ती तिच्या चिवटपणाचा दाखला म्हणून. तीच येथे इशारा म्हणून ऐकावी. बंगालच्या तळ्यांत आपल्या देशी कोळंब्या आहेत, त्यांच्या ताटात परकीने हात घालण्याचे कारण नाही.

पाणी बदलताना ते पांढऱ्या बादलीत काढावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. पांढऱ्या तळावर दोन मिलिमीटरची पिल्ले हालताना दिसतात. ती चमच्याने उचलून परत पेटीत सोडावी आणि मगच पाणी तुळशीला घालावे, मोरीत ओतू नये. ज्यांना नवी पेटी मांडावयाची आहे, त्यांनी पुढच्या सभेस येताना एक स्वच्छ बाटली आणावी. माझ्याकडील जुन्या स्पंजाचे विरजण मी देईन. कोळंब्या मात्र त्यानंतर सहा आठवड्यांनी मागाव्या.